विंगेतून सांगताना

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज तिसऱ्यानेही नाही म्हटलं. लंडनच्या बाईंना इथली हवा सोसणार नव्हती. दिल्लीच्या गृहस्थांना ठाणे म्हणजे मुंबई नव्हे हे ऐनवेळी कळलं. आज हैदराबादच्या सरांचं आलं, ‘मनःपूर्वक विचार केला.’ मनःपूर्वक विचार करणारा माणूस येत नाही, एवढं मी या कामात शिकलेय.

बाळकुमच्या आमच्या विद्यापीठात नवं केंद्र उघडायचंय, जागतिक आरोग्य, नवोन्मेष आणि धोरण. इमारत उभी आहे, पाटी लागली, दारात कुंड्यासुद्धा आल्या. माणूस तेवढा नाही. ज्येष्ठ प्राध्यापक शोधून आणणं हे माझं काम. पदाचं नाव भारदस्त असलं तरी काम स्थळं बघण्याचंच. पत्रिकेच्या जागी सीव्ही आणि पोह्यांच्या जागी ग्रीन टी.

दुपारी यज्ञेश भोईर येऊन बसले. आमचे विश्वस्त, माझ्याहून वयाने लहान. जिथे आता लायब्ररी आहे तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती.

“मॅडम, जूनला ॲडमिशन चालू. मोठा माणूस पायजे. नायतर सेंटर गुंडाळायला लागेल, आणि मग तुमच्या डिपार्टमेंटचं पण बघायला लागेल. धमकी नाय देत हां, टेन्शन मला पण आहे.”

धमकी नाही असं सांगून दिलेली जास्त लागते.

येताना माजिवड्याला बस नेहमीसारखी तुंबली आणि एकदम डोक्यात आलं. सुमतीबाईंचा अद्वय! टोरांटोला, याच विषयात, चांगला नावाजलेला. मी जगभर डोळे फोडतेय आणि स्थळ आमच्या डोंबिवलीतलंच.

१३ ऑक्टोबर, रविवार

बाईंकडे गेलेले. शाळेतल्या बाई म्हणजे आपण पंचेचाळिशीला आलो तरी बाईच. जिन्यात थांबून केस नीट केले मी.

सुमती टिपणीस, आमच्या मराठीच्या बाई. टिळकनगरातलं तेच घर, यजमान हरिहरसर गेल्यापासून एकट्या. इस्त्रीची साडी, पावडरचा वास, तोच करडा आवाज. दार उघडून म्हणाल्या, “गुप्ते, उशीर केलास.” मी येणार हे मी कळवलंच नव्हतं, पण तरी बरं वाटलं. चहा झाला. थोड्या वेळाने म्हणाल्या, चहा घेणार ना? दुसरा कप घेतला. वय झालं की माणसाचा आग्रह वाढतो.

जुन्या गोष्टी निघाल्या. सातवीच्या गॅदरिंगमध्ये मी राजवैद्य होते आणि राणीच्या नाडीला हात लावून ठार विसरले. बाई विंगेत उभ्या होत्या. त्यांनी नुसते ओठ हलवले आणि मला पूर्ण वाक्य मिळालं. घरच्यांना अजून वाटतं मी मुद्दामच थांबले होते, काय अभिनय!

साडेसातला अद्वयचा व्हिडिओ कॉल. दर रविवारी असतो. मी फोनच्या पलीकडे उभी राहिले, माझं काम नंतर काढायचं होतं.

“आई, दातांच्या डॉक्टरकडे गेलेलीस ना? काय म्हणाले?”

“ते... ते म्हणाले...” बाईंचा हात हवेत फिरला. माझ्याकडे बघितलं. मघाशीच मला दाढेची सगळी कथा सांगितली होती त्यांनी. मी ओठांनी म्हटलं, दाढ काढली.

“दाढ काढली रे! मेला किती जोर लावत होता.”

अद्वय हसला. मग बाईंनी फोन माझ्याकडे दिला आणि मी आमच्या केंद्राचं सांगितलं. शाळेत माझ्या पुढे तीन वर्षं होता, त्याला मी आठवले नाही, राजवैद्य आठवला. म्हणाला, “सर काय, अद्वय म्हण. खरं सांगू, आईजवळ राहायला मिळणार असेल तर मी ऐकून घेईन.”

उड्या मारत घरी आले.

२० ऑक्टोबर, रविवार

आज बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

“गुप्ते, मला कळतंय मला काय होतंय. शब्द हाताशी येतात आणि निसटतात. काल गॅसवर दूध ठेवून मी गच्चीवर. अद्वयला कळता कामा नये.”

मी म्हटलं, बाई, तो विस्मरणाच्या आजारावरच काम करणारा माणूस आहे.

“म्हणूनच. त्याला कळलं तर हातातलं टाकून धावत येईल. आईच्या आजारपणासाठी आलेला मुलगा नकोय मला. तुझ्या त्या मोठ्या नोकरीसाठी ताठ मानेने आला तर ये म्हणावं. तोवर तू विंगेत उभी राहा. तुझा आवाज समोर पोचत नाही, परवा बघितलं मी.”

मार्क दिल्यासारखं म्हणाल्या. मला इतका अभिमान वाटला की हो म्हणून टाकलं. बाईंची इच्छा आहे, माझीही सोय आहे, यात कोणाचं नुकसान? लिहिताना मात्र हे वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. बाईंनीच आम्हाला दैनंदिनीची सवय लावली, चार ओळी लिहा पण खऱ्या लिहा म्हणायच्या. ठीक आहे. माझी सोय पहिली, बाईंची इच्छा मागाहून.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीची पहिली आंघोळ. फडके रोडवर तरुण पोरापोरींची ही गर्दी. बाईंना फराळ नेऊन दिला. त्यांनी केलेल्या करंज्या पुढे केल्या. सारणात साखरेऐवजी मीठ. मी दोन खाल्ल्या आणि छान म्हटलं. आता छान म्हणायची सवयच झालीय.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा कॉल झकास झाला. अद्वयने नातीचं नाव घेतलं नाही, नुसतं “ती विचारत होती” म्हणाला. मी पटकन ‘अन्वी’ असे ओठ केले, बाईंनी लगेच “अन्वीची परीक्षा झाली का?” तो खूश. पुढे मला म्हणाला, “आई अजून अगदी शार्प आहे. पाच-सात वर्षं तिच्यासोबत निवांत मिळाली तर अजून काय हवं?”

मी म्हटलं, हो ना.

बाईंच्या सोबतीला दिवा गावाहून येणारी मेघाली नावाची मुलगी ठेवली. अद्वयला कारण सांगितलं, गुडघे. कारण सुचायला मला वेळसुद्धा लागला नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

अद्वयचं निवडीचं व्याख्यान. पडद्यावरून. मोठ्या हॉलमध्ये निवड समिती, प्राध्यापक, पहिल्या रांगेत यज्ञेशसर नवं जॅकेट घालून. मी मागे माइकवाल्याशेजारी.

मला वाटलेलं आलेख येतील, तक्ते येतील. त्याने एक व्हिडिओ लावला. कुठल्यातरी खेड्यातलं अंगण, एक आजी, शेजारी सून. गावची आरोग्यसेविका, आशाताई, विचारते, आजी, सकाळी काय खाल्लंत? आजी सुनेकडे बघते. सून सांगते, भाकरी.

अद्वय म्हणाला, “आजींनी उत्तर दिलं की नाही ते सोडा. मान कुठे वळली ते बघा. विसरायला लागलेला माणूस उत्तरासाठी घरच्यांकडे बघतो आणि घरचे प्रेमाने उत्तर पुरवतात. त्याची अब्रू राखतात. तिथेच आपण उशीर करतो. आमचा नवोन्मेष म्हणाल तर एवढाच, गावातल्या आशाताईला ही मान बघायला शिकवायची. यंत्र लागत नाही.”

यज्ञेशसरांनी हात वर केला. “सर, मग घरच्यांनी करायचा काय?”

“आजींसमोर गप्प बसायचं आणि आमच्याशी लवकर बोलायचं. औषधाने फार काही थांबत नाही. पण सुरुवातीच्या महिन्यांत माणूस अजून आपल्याला ओळखत असतो. हे महिने परत मिळत नाहीत.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माइकवाल्याने विचारलं, मॅडम, एसी कमी करू का, तुम्हाला घाम आलाय.

समितीने एकमताने त्याचं नाव दिलं.

८ डिसेंबर, रविवार

हे लिहायचं नव्हतं. पण चार ओळी खऱ्या.

ठरवून गेलेले की आज कॉलच्या आधी बाईंची समजूत घालायची आणि त्याला सांगायचं. सहीच्या आधी. बाई बाहेरच्या खोलीत वेणी घालून बसल्या होत्या, चेहरा प्रसन्न. म्हटलं कॉल झाल्यावर बोलू.

तो म्हणाला, “आई, ख्रिसमसच्या सुट्टीत येऊ का आठ दिवस? तिकीट बघून ठेवलंय. तू म्हणालीस तर आत्ता काढतो.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मला काय झालं कोण जाणे. नाही, कोण जाणे नाही, मला माहीत आहे. कराराची सही व्हायची होती. आठ दिवस घरात राहिला तर पहिल्याच दिवशी त्याला कळणार होतं, आणि मग तो केंद्र-बिंद्र काही बघणार नव्हता. रजा टाकून आईजवळ बसला असता, नाहीतर तिला तिकडे घेऊन गेला असता. मी मान हलवली. आडवी.

बाईंचा चेहरा क्षणभर उतरला. अगदी क्षणभर. मग म्हणाल्या, “नको रे, कशाला उगाच खर्च. जूनमध्ये कायमचा येतोच आहेस.”

“कायमचा” हा शब्द त्यांचा. मी पुरवला नव्हता.

कॉल संपल्यावर मी त्यांच्या पाया पडले. म्हणाल्या, “आज काय वाढदिवस आहे का तुझा?”

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी अद्वयला मेसेज लिहिला. ‘बाईंना बरं नाही, तू ये.’ पुसला. ‘थोडं बोलायचं होतं’ एवढाच लिहिला, तोही पुसला. ऑफिसात डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेजारच्या टेबलावरच्या दीप्तीने विचारलं, उपास का? म्हटलं हो. सोमवार होता ते बरं झालं.

२० डिसेंबर, शुक्रवार

सही आली. यज्ञेशसरांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. “मॅडम, तुम्ही ग्रेट आहात. कसा काय पटवला?” मी म्हटलं, त्यांच्या आईंमुळे. खरंच सांगितलं. बायको आणि अन्वी वर्षभराने येणार, तो जूनमध्ये. अन्वीच्या शाळेच्या वर्षाच्या मध्येच निघायला नको म्हणून. “आई ठीक आहे, मग घाई कशाला,” असं लिहिलंय त्याने.

घाई कशाला!

१९ जानेवारी, रविवार

मेघाली आज उशिरा आली. दिव्याला पाणी नव्हतं, टँकर आला तोही अर्धा. ती येईपर्यंत बाई आंघोळीशिवाय, केस मोकळे, नुसत्या बसलेल्या. माझी वाट बघत होत्या म्हणे. साडी मी नेसवली. कॉलमध्ये आता मी वाक्यंच्या वाक्यं सांगते. बाईंना ते छान जमतं, त्यात आवाजाचा चढ-उतार त्या स्वतःच्या घालतात. कोणाची तरी भूमिका पाठ करून उभी असलेली नटी. ती भूमिका सुमती टिपणीसांची.

तिळगूळ दिला. म्हणाल्या, “गोड बोला.” मी तेच करतेय बाई.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मीटिंगमध्ये अनोळखी नंबर. कल्याणचा रिक्षावाला. “आजी पारनाक्यावर उतरल्यात, घर सापडत नाही म्हणतात. पर्समध्ये तुमचा नंबर मिळाला.”

पारनाक्याला बाईंचं माहेर होतं. तिथे आता मोठी इमारत आहे. बाई तिच्या फाटकाशी वॉचमनला समजावत होत्या की विहीर उजवीकडे होती. मी हात धरला. म्हणाल्या, “बाबा रागावतील का गं?”

रिक्षात माझ्या डोक्यात एकच. पर्समधल्या चिठ्ठीवर नंबर माझा आहे. मुलाचा नाही. मीच लिहून ठेवलेली ती चिठ्ठी.

घरी पोचवून लगेच अद्वयला फोन लावला. पुरे झालं म्हटलं. त्याच्याकडे पहाट होती, तरी उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. “बरं झालं तू फोन केलास. काल राजीनामा दिला. अन्वी रडतेय, म्हणतेय बाबा तू का जातोस. नीरजा, लोक मला वेडा म्हणतायत, एवढी पक्की नोकरी कोणी सोडतं का. पण मी आईच्या जोरावर करतोय हे. ती आहे म्हणून. बोल, तू कशाला केलेलास?”

मी म्हटलं, बाईंना जरा सर्दी झालीय. सुंठ दिलीय.

आग लागो माझ्या जिभेला.

१२ मार्च, बुधवार

बाईंना ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. कधीच न्यायला हवं होतं. नेलं नाही, कारण कागद झाला असता आणि कागद मुलाकडे गेला असता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “बऱ्याच आधी आणायचं होतं. तुम्ही मुलगी का?”

“विद्यार्थिनी.”

“मुलाला कल्पना आहे?”

“आहे.”

बाहेर आल्यावर बाईंनी फळांच्या गाडीवर हट्ट करून मला द्राक्षं घेऊन दिली. शाळेतून सहल निघाली की त्या अशाच द्यायच्या. गाडीच्या आडोशाला उभी राहून मी रडले. त्या म्हणाल्या, “गुप्ते, आंबट आहेत का?”

२० एप्रिल, रविवार

भिंतीवर अद्वयचा पदवीदानाचा फोटो आहे. बाईंनी आज मला विचारलं, “हा कोण? चांगल्या घरातला दिसतो.”

साडेसातला फोन वाजला, त्यावर नाव आलं, तोच सूर लागला, “बोल रे अद्वय!” फोनमधला मुलगा त्यांना अजून ठाऊक आहे. रविवार, साडेसात, समोर फोन, पलीकडे मी. एवढं सगळं असलं की मुलगा असतो. यातलं एक जरी काढलं तर काय होईल ते मला विचारायचं नाही. अजून दोन महिने आहेत. कदाचित प्रत्यक्ष बघितल्यावर ओळखतील. आईच आहे शेवटी.

हे मी कोणाला सांगतेय?

१४ जून, शनिवार

अद्वय आला.

त्यानेच मला पहाटे मेसेज केला होता, ‘तू घरी असशील ना? तुझ्यामुळे हे झालं, तू हवीस.’ मी बाईंना निळी पैठणी नेसवली. मेघालीने दारात रांगोळी काढली, भाकरतुकडा तयार ठेवला. मी बाईंना सकाळपासून सांगत होते, अद्वय येतोय, अद्वय येतोय. त्या दर वेळी नव्याने आनंदत होत्या.

रिक्षा थांबली. त्याच्या हातात दोन मोठ्या बॅगा, केस पांढरे झालेत, फोनवर एवढे दिसले नव्हते. मेघालीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो चपला काढायच्या आधीच आत आला आणि वाकला. “आई, आलो गं.”

बाईंनी छान हसून आशीर्वाद दिला. पालकसभेला आलेल्या पालकांना देत तसं हसू. “या, बसा. प्रवास कसा झाला?”

तोही हसला. त्याला गंमत वाटली. “आई, बसा काय? मी आलोय.”

बाई थांबल्या. आणि त्यांची मान वळली. माझ्याकडे.

त्या अशा निश्चिंत बघत होत्या. आता सांगेल ही, म्हणून. न सांगणं एवढी एकच गोष्ट त्या क्षणी करण्यासारखी होती. तेवढीही मला जमली नाही. आठ महिन्यांची सवय. माझे ओठ हलले. अद्वय.

“अरे, अद्वय!” बाई म्हणाल्या, अगदी खऱ्या आवाजात, पदराने डोळे टिपत. “किती वाळलास रे!”

तो आईकडे बघत नव्हता. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

१५ जून, रविवार

त्याने बोलावलं. गच्चीवर. खाली बाई मेघालीबरोबर भाजी निवडत होत्या.

“केव्हापासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“ख्रिसमसला मी येऊ का विचारलं तेव्हा ती कोणाकडे बघत होती?”

मी म्हटलं, माझ्याकडे.

“आणि तू?”

मी सांगितलं. बाईंची इच्छा होती हेही सांगितलं, सगळं सांगितलं, सही, यज्ञेशसर, माझी नोकरी. बोलताना मलाच ऐकवेना. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं कठड्यावरचं पाण्याचं डबकं बोटाने पसरत राहिला.

“डिसेंबरमध्ये ती मला ओळखत होती, नीरजा.”

“हो.”

“मी आठ दिवस मागत होतो.”

मी जिना उतरले. दारात बाईंनी विचारलं, “गुप्ते, निघालीस? तो वरचा पाहुणा जेवून जाणार आहे का?”

आज साडेसातला फोन वाजला नाही. साहजिकच.

१६ जून, सोमवार

अद्वय रुजू झाला. यज्ञेशसरांनी हार घातला, फोटो काढले. माझ्याशी तो नीट बोलला, खोलीच्या किल्ल्या घेतल्या, थँक यू म्हणाला. मी यज्ञेशसरांकडे राजीनामा दिला. त्यांनी वाचला आणि परत केला. “काय झाला मॅडम? एवढा मोठा माणूस आणलात आणि आता पळता कुठे?”

काय सांगणार? म्हटलं, आणलं तसं नाही आणायला पाहिजे होतं. त्यांना काही कळलं नाही. ते म्हणाले, विचार करा. मनःपूर्वक, असं मी मनात म्हटलं आणि माझंच मला हसू आलं, आणि मग हसू आल्याची लाज.

२९ जून, रविवार

सव्वासातला त्याचा फोन. मला वाटलं बाईंना काही झालं.

“तू येशील का?” आवाज कोरडा. “माफ केलंय म्हणून बोलवत नाहीये. आई पैठणी नेसून बसलीय. गेल्या रविवारीही बसली होती, जेवलीच नाही. म्हणते, गुप्ते आली नाही, कॉल कसा घ्यायचा.”

धावत गेले. बाई खुर्चीत ताठ, पावडर लावलेली, समोरच्या टीपॉयवर फोन डब्याला टेकवून ठेवलेला. मला बघून चेहरा उजळला. “उशीर केलास. त्याचा फोन येईल आता.”

अद्वय त्यांच्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “आई, मी इथेच आहे.” बाईंनी त्याला हळूच, बोट ओठांवर ठेवून, गप्प राहायला सांगितलं. पाहुण्यांना सांगतात तसं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

मी माझ्या जागी उभी राहिले.

फोन वाजला. स्क्रीनवर अद्वय, मागे आतल्या खोलीतलं कपाट, त्यावरची हरिहरसरांची तसबीर. बाईंना कपाट ओळखू आलं नाही. मुलगा आला.

“बोल रे अद्वय! जेवलास का?”

“जेवलो आई.”

“अन्वी?”

माझे ओठ हलायच्या आधीच बोलल्या त्या. मी तोंडावर हात घट्ट धरला. तो सांगत राहिला, अन्वीचं पोहणं, तिची नवी सायकल, बायकोचा फोन. बाई हसत होत्या, रागावत होत्या, मधल्या बोटाने पदर सारखा करत होत्या. डिसेंबरनंतर पहिल्यांदा मी काही न सांगता त्या इतकं बोलल्या.

मग त्या फोनकडे वाकल्या. “ते सगळं राहू दे. तू कधी येतोयस ते सांग.”

दारातून आणि फोनमधून, दोन्हीकडून एकदमच त्याचा आवाज आला.

“आलोच आई.”

बाई थांबल्या. मान वळवून माझ्याकडे बघितलं, बरोबर आहे का, म्हणून.

मी मान हलवली. या वेळी उभी.